धावपट्टीकडेच्या सहा तुती

घरात मला सगळे भागूबाई म्हणतात. ते माझं नाव नव्हे. 'भित्री भागूबाई'तला पहिला शब्द उच्चारायचा कंटाळा आला, म्हणून दुसरा उरला. सुरुवात नवऱ्याने केली, थोरल्याने चालू ठेवलं, आणि धाकटी तर ते इतक्या लाडाने म्हणते की मला धड रागही येत नाही. मी आहेच भित्री. गॅस बंद केला का ते बघायला अर्ध्या वाटेतून परत येणारी. अवेळी फोन वाजला की आधी खुर्चीत बसून घेणारी. नवरा म्हणतो, भित्यापाठी ब्रह्मराक्षस. मी म्हणते, ब्रह्मराक्षस मागे आहे म्हणूनच तर मी भिते. चोवीस वर्षांत यावर आमचं एकमत झालेलं नाही.

आणि अशा बाईच्या पोटची पोर विमान चालवायला निघाली.

माझी रोपवाटिका आहे. लोकांच्या बागांसाठी झुडपं आणि छोटी झाडं निवडून देणं, लावून देणं, पुढे दर महिन्याला जाऊन निगा राखणं, हा धंदा. त्यात मात्र मी कुणाच्या बापाला भीत नाही. गिऱ्हाईक आलं की मी आधी विचारते, "बागेत कोणकोण यायला हवंय? माणसं सोडून." लोक गोंधळतात. त्यांना नुसतं शोभेचं काहीतरी हवं असतं. मग मी समजावते. नुसतं शोभेचं झाड म्हणजे पाहुण्यांना दाखवायचं, पण कुणाला वाढायचं नाही असं ताट. जास्वंद घ्या, पण एकेरी पाकळ्यांची. दुहेरीत पाकळ्याच पाकळ्या, चोचीला मध काही मिळत नाही. डाळिंब लावा, मध प्यायला इवला शिंजीर येईल. लिंबू लावा; त्याची पानं कुरतडलेली दिसली तर औषध मारू नका, पंधरा दिवसांनी फुलपाखरं निघतील. मेंदीचं कुंपण दाट वाढू द्या, मुनिया घरटं करतील. आणि वर्षातून एकदा तरी फळांनी लगडेल असं एखादं छोटं झाड हवंच. तुतीसारखं.

दोन वर्षांपूर्वी धाकटीने उड्डाणशाळेत नाव घातलं. पहिलं वर्ष तर नुसतं वर्गात बसणं, परीक्षा आणि डॉक्टरी तपासण्या. पण माझी झोप पहिल्या दिवसापासूनच उडाली. त्याच सुमारास कळलं, की शाळेच्या कार्यालयापुढच्या मोकळ्या जागेत बाग करायची आहे. मी अर्ध्या दरात काम घेतलं. नवऱ्याला वाटलं, लेकीच्या शाळेसाठी कौतुकाने केलं. कौतुक कसलं? दर गुरुवारी झाडांच्या निमित्ताने तिथे जाता येईल आणि गेलेलं विमान परत येतंय की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल, एवढाच हिशेब होता. ती बाग माझ्या भीतीने लावली. हे तेव्हा मी कुणाला सांगितलं नाही.

शाळेच्या सचिवांना खजुरासारखी ताठ झाडं हवी होती. तो बेत मी मोडीत काढला. जास्वंद, डाळिंब, लिंबू, मेंदीचं कुंपण, आणि धावपट्टीकडच्या कडेला सहा तुती, कारण तिथे ऊन चांगलं होतं. वर एक पाटीही स्वतः रंगवून लावली: 'येथे पक्ष्यांचे स्वागत आहे.' उद्घाटनाला पाहुणे आले, पाटी वाचून त्यांनी मान डोलावली, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. विमानं उडवणारी वीस-पंचवीस माणसं त्या पाटीखाली उभी राहून हसत होती. एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. मी भुताखेतांना, विजेला, लिफ्टला घाबरते. पाखरांना कोण घाबरतं?

पहिल्या वर्षी तुतीला आलेली फळं मी कोवळी असतानाच खुडून टाकली. झाड आधी अंगाने भरावं म्हणून तसं करतात. या वर्षी सचिव म्हणाले, "ताई, झाडं फार पसरलीत, नीटनेटकी करा." मी सहाही तुती छाटल्या, पानं ओरबाडून काढली. त्याच दिवशी घरी येऊन रोपवाटिकेतली माझी तुतीही छाटली, कात्रीला धार होती तेवढ्यात.

तुतीची खोड अशी, की छाटली की नव्या फुटीबरोबरच फळ धरते. दोन-सव्वादोन महिन्यांत झाड काळंभोर. हे मला पाढ्यासारखं पाठ आहे. पण पाठ असणं वेगळं आणि वेळेवर आठवणं वेगळं; गुरुवारी तिथे गेले की माझी नजर झाडांवर नसायची, आभाळात असायची.

छाटणीला दोन महिने झाले त्या आठवड्यात धाकटीचं पहिलं एकटीचं उड्डाण होतं. शेजारी शिकवणारं कुणी नाही. वर जायचं, शाळेभोवती एक फेरी मारायची, उतरायचं. जेमतेम सहा मिनिटांचं काम, असं ती म्हणाली. सहा मिनिटांत माणूस सहा वेळा मरू शकतो, असं मी म्हणाले नाही, पण माझं तोंड तसं झालं असावं.

"आई, गुरुवारी तू यायचं नाहीस," आदल्या रात्री जेवताना ती म्हणाली.

"बागेचा वार आहे माझा."

"झाडं एक दिवस तुझ्याशिवाय जगतील. तू कुंपणाशी उभी राहून हात चोळत असतेस ना, ते मला वरून दिसतं. तुझी ती पिवळी टोपी इकडून तिकडे फिरताना दिसली की माझ्या हाताला घाम सुटतो. शपथ घे."

मी शपथ घेतली. नवरा खाली मान घालून जेवत राहिला, पण त्याच्या मिशा हसत होत्या. तिचा राग रास्त होता. त्याआधी दोनदा मी माती खाल्ली होती. एकदा सचिवांना फोन करून सांगितलं, आजोबांची तब्येत बिघडलीय, तिला लगेच पाठवा. आजोबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. दुसऱ्यांदा कळवलं, वादळ येतंय, रेडिओवर सांगितलंय. आभाळ इतकं स्वच्छ होतं की सचिव खिडकीतून बघून हसले. तेव्हापासून शाळेत माझी पत संपली.

गुरुवारी सकाळी सातलाच धाकटी गेली. जाताना माझ्या गालाला गाल लावला. तिचा गाल गार होता.

साडेआठच्या सुमारास मी रोपवाटिकेत पिशव्यांत माती भरत होते. हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं. इतक्यात कलकलाट झाला. मान वर केली तर माझी तुती हलत होती. वारा नव्हता. झाडभर भोरड्या. मैनेच्याच जातीतली पाखरं ही, पण एकटीदुकटी हिंडत नाहीत. येतात ती शेकड्यांनी. तीनशे तरी असतील. फांदी दिसत नव्हती, नुसत्या चोची आणि पंख. खाली काळ्या फळांचा सडा पडला होता आणि शेजारची पांढऱ्या गुलाबाची कलमं जांभळ्या शिंतोड्यांनी बरबटली होती.

कलमं विकायची होती. मी संतापले. पत्र्याचा डबा उचलला आणि त्यावर खुरपं आपटलं. सगळा थवा एका क्षणात उठला. एकदम, जमिनीवरून चादर झटकावी तसा. डोक्यावरून दोन गिरक्या घेतल्या आणि पूर्वेला निघून गेला.

मी डबा खाली ठेवला. आता गेली एकदाची, असं म्हणाले. आणि मग झाडाकडे पाहिलं. माझी तुती आज पिकलेली होती. म्हणजे त्याच दिवशी, त्याच कात्रीने छाटलेल्या त्या सहा तुतीही आज पिकलेल्या असणार. पूर्वेला, पाच किलोमीटरवर, धावपट्टीच्या कडेला. आणि मी आत्ताच तीनशे पाखरांना डबा वाजवून तिकडे पिटाळलं होतं.

  मी मातीच्या ढिगावर बसले. एक पाखरू काचेवर आपटलं तरी विमानाचं काय होतं, हे धाकटीच्याच पुस्तकात मी चोरून वाचलं होतं. तिच्या पुस्तकातली फक्त अपघातांची प्रकरणंच मी वाचली होती.

धाकटीला फोन लावला. बंद. उड्डाणाआधी फोन कपाटात ठेवतात, ते मला माहीत होतं, तरी चार वेळा लावला. मग सचिवांना लावला.

"साहेब, तिचं उड्डाण थांबवा. तुती पिकल्यात."

 ते अगदी गोड आवाजात म्हणाले, "ताई, आजोबा कसे आहेत?"

"अहो, थट्टा नाही करत. पाखरं येतायत. मोठा थवा. तुमच्या इथली झाडं बघा."

"झाडं छान दिसतायत. पाखरू एकही नाही. ताई, ऐका माझं, चहा घ्या, पंख्याखाली बसा. अर्ध्या तासात पोरगीच फोन करेल तुम्हाला." आणि त्यांनी फोन ठेवला.

लांडगा आला रे आला म्हणणाऱ्याची गोष्ट मी पोरांना दहादा सांगितली असेल. दर वेळी मला त्या पोराचा राग यायचा. आज पहिल्यांदा वाटलं, त्या पोराला तिसऱ्या वेळी खरोखर लांडगा दिसला तेव्हा त्याच्या पोटात काय झालं असेल.

शपथ मोडली. स्कूटर काढली. शिरस्त्राणाच्या जागी ती पिवळी टोपीच घातली, हे मला वाटेत कळलं. पाच किलोमीटरमध्ये मी आभाळाकडे इतकं पाहिलं की दोनदा रस्ता सुटला. थवा कुठेच नव्हता. एका दुकानासमोर आडवी लावलेली गाडी हलेना तेव्हा मी त्या गाडीवाल्याला जे बोलले ते मी आयुष्यात कधी कुणाला बोललेले नाही. मनात एकच चाललं होतं, मन चिंती ते वैरी न चिंती, मन चिंती ते वैरी न चिंती. पण या वेळी मी नुसतं चिंतलं नव्हतं. मी खड्डे खणले होते, खत घातलं होतं, पाणी दिलं होतं.

शाळेच्या फाटकातून आत शिरले आणि आधी तुतीकडे पाहिलं. सहाही झाडं फळांनी वाकली होती. काळी, टपोरी, ऊन पडलेली फळं. पण पाखरू एकही नाही. माझा जीव भांड्यात पडला, आणि तेवढ्यात इंजिनाचा आवाज आला. छोटं पांढरं विमान तुतीच्या रांगेपासून दूर पळत गेलं, धावपट्टीच्या मध्यावर त्याची चाकं सुटली आणि ते वर गेलं. त्यात एकच डोकं दिसत होतं.

धावपट्टीच्या कडेला गवतावर तिला शिकवणाऱ्या बाई उभ्या होत्या. शाळेत सगळे त्यांना मॅडम म्हणतात. हातात बिनतारी यंत्र, डोळ्यांवर काळा चष्मा. शेजारी सचिव, आणि त्यांच्या पायाशी पाण्याने भरलेली बादली. पहिलं एकटीचं उड्डाण करून आलेल्याच्या डोक्यावर पाणी ओततात. मी धावत जाऊन मॅडमपुढे उभी राहिले. 

"तुम्ही यायचं नव्हतं ना?" मॅडम विमानावरची नजर न काढता म्हणाल्या.

"मॅडम, ती झाडं मी लावलीत. तुती. आज पिकलीत. माझ्याकडच्या झाडावर तीनशे भोरड्या होत्या, मी हाकलल्या, त्या इकडेच आल्यात. ती उतरेल तेव्हा त्या इथे असतील."

सचिव हसायला लागले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं, मग तुतीकडे, मग त्यापलीकडच्या आभाळाकडे. "इथे फळझाडं कुणी लावू दिली?" त्या सचिवांना म्हणाल्या. सचिवांचं हसू विरलं. मॅडमना शाळेत येऊन चारच महिने झाले होते. झाडांवर तेव्हा नुसती पानं होती.

"ती समोरच्या बाजूला पोचलीय. तीन मिनिटं आहेत," मॅडम म्हणाल्या. "आत्ता पाखरं नाहीत. तिला उगाच घाबरवणार नाही. उतरली की आधी ती झाडं तोडायची."

त्या तीन मिनिटांतली दोन मी कशी काढली ते सांगता येणार नाही. विमान दूरवर आडवं सरकत होतं, भिंतीवरच्या पालीएवढं.  मी हात चोळत होते. ती वरून बघत असेल हे आठवलं आणि हात पाठीमागे नेले. विमानाने एक वळण घेतलं. मग शेवटचं वळण घेतलं आणि त्याचं तोंड आमच्याकडे झालं.

तेव्हा मागून कलकलाट ऐकू आला.

थवा कार्यालयाच्या छपरावरून आला, एकदा तिरका वळला आणि तुतीवर बसला. सहाच्या सहा झाडांवर. हिरवं काही उरलं नाही. उतरणारं विमान त्या रांगेच्या अगदी बाजूने, चार-पाच मजल्यांच्या उंचीवरून खाली येणार होतं.

तिघांनी एकाच वेळी हालचाल केली. मॅडमनी यंत्र तोंडाशी नेलं. सचिव जवळच्याच कार्यालयाच्या पायरीवरचा भोंगा घ्यायला धावले. धावपट्टीवर कुत्री आली की ते तो वाजवत. आणि मी सचिवांच्या मागे धावले आणि त्यांचा हात धरला.

"वाजवू नका."

"अहो, उडून जातील."

"लगेच जात नाहीत. तेच तर. उठतील, पण लगेच जाणार नाहीत. आधी दोन गिरक्या घेतात. सकाळी मी बघितलंय. बरोब्बर तिच्या वाटेत उठतील."

मॅडमनी यंत्राचं बटण अजून दाबलं नव्हतं. "मी तिला न उतरता पुन्हा वर जायला सांगते," त्या म्हणाल्या.

"वर जाताना इंजिनाचा आवाज मोठा होईल?"

"पूर्ण ताकद द्यावी लागते."

"आणि उतरताना?"

"अगदी कमी. जवळजवळ बंद असल्यासारखं."

मला माझाच आवाज ऐकू आला, आणि तो माझा वाटत नव्हता. "मग उतरू द्या. खाण्यात गुंतल्यात. मोठा आवाज झाला नाही तर उठणार नाहीत. नुसत्या सावलीला ही जात एकदम उठत नाही, दचकते ती आवाजाला. आपणही हलायचं नाही. बोलायचं नाही."

"खात्री आहे?"

खात्री? मला गॅस बंद केल्याची खात्री नसते. दोन वर्षं मी या बाईच्या आणि तिच्या आधीच्या मास्तरांच्या मागे लागले होते, की पोरीला वर जाऊ देऊ नका. आणि आता माझ्या एका शब्दावर माझीच पोर तीनशे पाखरांच्या शेजारून खाली येणार होती. मी चुकले तर ती चूक दुरुस्त करायला जगात काही नव्हतं. 'सांगता येत नाही, तुम्हीच ठरवा' हे शब्द अगदी ओठांवर आले. मॅडमना पाखरांचं काही कळत नव्हतं. त्या विमानातलं सगळं जाणत होत्या, आणि तुतीवरचं फक्त मी.

"खात्री आहे," मी म्हटलं.

मॅडमनी यंत्र खाली घेतलं.

मी पायरीपुढच्या कुंपणाशी होते तिथेच थांबले. सचिव अर्धवट वळलेले, हातात भोंगा. मॅडम गवतात. कुणी पापणी हलवत नव्हतं. विमान मोठं होत होतं. त्याचा आवाज येत नव्हता, किंवा कलकलाटात मला ऐकू येत नव्हता. टोपीखालून घाम निघाला आणि नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला. एक माशी ओठावर बसली. मी ती बसू दिली. सगळं अंग सांगत होतं, ओरड, पळ, हात हलव, तिला थांबव. आणि मी आयुष्यात पहिल्यांदा अंगाचं ऐकलं नाही. गुडघे इतके ताठ केले की पुढचे दोन दिवस दुखत होते.

पहिल्या तुतीवरून सात-आठ पाखरं उडाली.  ती थोडी वर गेली, हवेतच बाचाबाची केल्यासारखी फडफडली आणि तिसऱ्या झाडावर जाऊन बसली. बाकीची खात राहिली. विमान आलं. पांढरं पोट दिसलं, चाकं दिसली, चाकावरचा चिखलसुद्धा दिसला. सावली तुतीवरून सरकली. फांद्या हलल्या. कलकलाट एकदम बंद झाला. तीनशे पाखरं माना वर करून गप्प बसली होती.

आणि विमान पुढे गेलं. चाकं टेकली, एकदा उडी मारली, परत टेकली. ते धावत धावत लहान होत गेलं, पार दुसऱ्या टोकाला जाऊन थांबलं.

सचिवांना राहवलं नाही. भोंगा काखेत धरून त्यांनी टाळी वाजवली. एकच.

तुती रिकाम्या झाल्या. सगळा थवा एका झटक्यात उठला, धावपट्टीवर आडवा पसरला, चार-पाच मजल्यांच्या उंचीवर. अर्ध्या मिनिटापूर्वी जिथे ते पांढरं पोट होतं नेमकं तिथे. पलीकडचं आभाळ दिसेनासं झालं. एक गिरकी. दुसरी गिरकी. मग सगळा थवा परत येऊन तुतीवर बसला आणि खायला लागला.

सचिव गवतापर्यंत परत आले आणि मटकन बादलीच्या काठावर बसले. बादली कलंडली, पाणी त्यांच्या बुटांत गेलं. कुणी हसलं नाही. मॅडमनी चष्मा काढला. चष्म्यामागे माझ्यापेक्षा वयाने लहानच बाई निघाली. त्या म्हणाल्या, "आता ती येताना तिच्यासमोर रडू नका. जे सांगायचं ते सांगा, पण नीट सांगा."

धाकटी विमान बांधून चालत आली. केस विस्कटलेले, चेहरा उजळलेला. मी शपथ मोडून तिथे उभी होते. मला वाटलं आता तोंडसुख घेणार. तिने येऊन मला मिठीच मारली. मला घट्ट धरून, माझ्या कानाशी ती बोलत सुटली.

"आई, मला झाडावरची पाखरं दिसली गं. शेवटच्या वळणानंतर. सगळी झाडं काळी. मी इतकी घाबरले, हात दांड्यावर चिकटले माझे. मला वाटलं, ताकद द्यावी आणि वर निघून जावं. हात गेलासुद्धा होता तिकडे. आणि मग तुझी टोपी दिसली. तू कुंपणाशी उभी होतीस आणि हलत नव्हतीस. अजिबात. मी म्हटलं, आई पळत नाहीये, हात हलवत नाहीये, म्हणजे नक्की काही धोका नाही. भागूबाई शांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे. म्हणून मी सरळ खाली आले."

 तिच्या खांद्यावरून मला ती पाटी दिसत होती. येथे पक्ष्यांचे स्वागत आहे. मी ती मिठी तशीच राहू देऊ शकले असते. मॅडम दूर गेल्या होत्या, सचिव बूट काढून पाणी ओतत होते. लेकीच्या तोंडून आईबद्दल असं ऐकायला मिळणं आयुष्यात एकदाच घडत असेल. पण उद्या ती परत एकटी वर जाणार होती, आणि पुन्हा कधी मला निश्चल उभी पाहून खाली उतरणार होती.

"ठीक नव्हतं," मी म्हटलं.

ती मागे झाली.

"काहीही ठीक नव्हतं. पाखरं उठतील या भीतीने मी तशी उभी होते. ती झाडं मी लावली, दोन महिन्यांपूर्वी मीच छाटली, म्हणून आज पिकली. सकाळी मीच डबा वाजवून पाखरं इकडे हाकलली. आणि बागच मुळात लावली ती तुझ्यावर नजर ठेवायला." एवढं बोलून मी थांबले. नीट सांगायचं म्हटलं होतं, पण नीट सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

धाकटी तुतीकडे बघत राहिली.   मग तिने दोन्ही हात काखेत दाबून धरले.

"तू कधी मला घाबरून खोटं सांगितलंस तर मला कळायचं," ती म्हणाली. "आज काहीच बोलली नाहीस, तर मी फसले." तिच्या आवाजात राग होता की काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पाखरं पोटं भरून दुपारी निघून गेली. मग मी स्कूटरवरून करवत आणली. सहा तुती तोडायला संध्याकाळ झाली. छोटी झाडं, पण बुंधे चिवट. तिथे काय लावायचं ते मॅडमनी विचारलं. फळ धरणारं काही नको, दाट कुंपणही बुटकंच ठेवायचं, मेंदी कापत राहायची म्हणजे बी धरणार नाही. लिंबू आणि डाळिंब काढायचं. एकेरी जास्वंद चालेल. फुलपाखरं आली तर येऊ देत, ती कुणाचं काही बिघडवत नाहीत, पण थव्याने येणारं काही नको. मी सांगत होते, मॅडम लिहून घेत होत्या. एखाद्या बागेत कोण येऊ नये याची यादी मी पहिल्यांदाच करत होते.

धाकटी फांद्या ओढून नेत होती. तिची बोटं जांभळी झाली होती. शेवटी तिने ती पाटी उपटली, पुसली आणि माझ्या हातात दिली.

"उद्या नऊला आहे," ती म्हणाली. "ये. पण घाबरलीस तर हात हलव. मला खरं दिसू दे."

दुसऱ्या दिवशी मी पिवळी टोपी घालून कुंपणाशी उभी राहिले, आणि विमान वर गेल्यापासून उतरेपर्यंत हात चोळत राहिले.